गरमपाणी

घोडबंदरच्या किल्ल्याखालून एक कच्चा रस्ता खाडीकडे उतरायचा. मिठागरांच्या बांधांवरून वळत वळत तो जिथं संपायचा, तिथं तेलाची रिफायनरी होती. फार मोठी नव्हे. गाड्यांमधून, यंत्रांमधून वापरून काळंकुट्ट झालेलं ऑइल पिंपांत भरून यायचं आणि तापून, गाळून, मधासारखं पिवळं होऊन परत जायचं. एक धुराडं, सहा टाक्या, एक बॉयलर आणि या सगळ्याला बिलगून पन्नासएक घरांचं गाव.

घरं पिंपांच्या पत्र्याची. पिंप उभं चिरायचं, ठोकून सपाट करायचं, की भिंत तयार. खिडकीसाठी पत्र्याला गोल भोक पाडायचं, कारण पिंपाचं झाकण मग आयतंच त्यावर बसायचं. त्यामुळे अख्ख्या गावाला गोल खिडक्या. सकाळी खाडीवर धुकं असलं आणि भरतीचं पाणी बांधाला लागलं, की लांबून बघणाऱ्याला वाटायचं, पन्नास लहान लहान बोटी नांगर टाकून उभ्या आहेत आणि आता कुणी हाक मारली की एकेक करून निघतील.

पुष्पलता अशाच एका धुक्याच्या सकाळी सून म्हणून इथं आली. साल अडुसष्ट. माहेर मुर्ध्याचं, मिठागरातल्याच माणसांचं. सासरा नाथा भोईर यानं आपलं मिठागर शेठला रिफायनरीसाठी दिलं होतं, ते एका अटीवर: माझ्या पोराला आत काम पाहिजे. पोरगा पुंडलिक. तो बॉयलरवर अटेंडंट झाला. चोवीस वर्षांचा, अंगानं काटक, हाताला कायम ऑइलचा वास, आणि बोलायला लागला की थांबायचा नाही. लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात त्यानं तिला बॉयलर कसा चालतो ते तीनदा समजावून सांगितलं. तिला एवढंच कळलं, की तिच्या नवऱ्याचं एका मोठ्या लोखंडी जनावरावर प्रेम आहे आणि ते जनावर रात्रंदिवस श्वास घेतं.

दुसऱ्या दिवशी शेजारची हंसाबेन तिला हाताला धरून बॉयलरच्या मागे घेऊन गेली. हंसाबेन कच्छहून आलेल्या फिटरची बायको, तीही विशीतलीच. तिथं भिंतीतून एक नळी बाहेर आली होती आणि तिच्यातून गरम पाणी पडत होतं. वाफेचं काम झालं की जे पाणी उरायचं, ते पूर्वी तसंच खाडीत जायचं. शेठनं ते बायकांसाठी वळवून दिलं होतं. तीन पायऱ्या, काळ्या दगडाचा ओटा, नळीच्या तोंडाला चटका बसू नये म्हणून गुंडाळलेलं गोणपाट.

"ले, नवी वहू," हंसाबेन म्हणाली, "जितना पाहिजे उतना घे. लाकूड नको, चूल नको. असं पाणी मुंबईत शेठलोकांच्या घरी पण नाय."

पुष्पलतानं हात पुढे केला. पाणी कढत होतं आणि त्याला अगदी पुसट असा तेलाचा वास होता. माहेरी मिठागरात हिवाळ्यात पाय बधिर होईस्तोवर उभी राहिलेली ती पोर. तिनं त्या पाण्यात हात धरला आणि किती तरी वेळ काढलाच नाही.

गावाचं सगळं त्या पाण्याभोवती चालायचं. घोडबंदरची माणसं या वस्तीला 'कंपनी' म्हणत, एसटीचा कंडक्टर 'रिफायनरी' म्हणे, पण बायका एकमेकींना एवढंच विचारत, "गरम पाण्यावर येतेस?" तिथं कच्छी बाई, रत्नागिरीची बाई, जौनपूरची बाई आणि इथली आगरी बाई एकमेकींच्या पाठी घासत. वाफ एवढी दाट असायची की समोरची कोण आहे ते आवाजावरून ओळखावं लागे. भाषा कुणाची कुणाला पुरती येत नव्हती. वाफेत ते चालून जायचं.

पुष्पलता सुईण झाली तीही तिथंच. एकोणसत्तरच्या आषाढात हंसाबेनला ओट्यावरच कळा सुरू झाल्या. रस्त्यावर गुडघाभर पाणी, गाडी नाही, दवाखाना कोसावर. पुष्पलताची मावशी मुर्ध्याला बाळंतपणं करायची, आणि लहानपणी तिच्याबरोबर फिरून हिनं चार गोष्टी पाहिल्या होत्या. तेवढ्यावर तिनं पदर खोचला. तासाभरानं केतन जन्माला आला, निळा पडलेला आणि गप्प. पुष्पलतानं त्याला गरम पाण्याच्या धारेखाली धरलं, मग वाऱ्यावर, मग पुन्हा धारेखाली. तिसऱ्यांदा तो रडला. त्याच क्षणी तीनचा भोंगा झाला आणि पाळी सुटून बाहेर पडणाऱ्या पुरुषांना आधी कळेचना की आज भोंग्याचा आवाज असा दुहेरी का येतोय.

त्यानंतर वीसएक वर्षं गावातलं प्रत्येक मूल तिच्या हातांत आलं. मग रिक्षा आल्या, काशीमीऱ्याला नर्सिंग होम झालं आणि पोरी तिकडे जाऊ लागल्या. तिला वाईट वाटलं नाही. तिला स्वतःला मात्र मूल राहिलं नाही. त्र्याहत्तर साली एक मुलगी झाली होती. ती एक दिवस आणि एक सकाळ जगली. पुष्पलता तापात होती. मुलीला कुठं नेलं, कोण कोण गेलं, हे तिनं विचारलं नाही आणि पुंडलिकनं सांगितलं नाही. एवढा बोलका माणूस, पण त्या एका गोष्टीभोवती तो पाणी बांधाला वळसा घालून जातं तसा आयुष्यभर वळसा घालून गेला. तीही.

दोन हजार एकच्या एप्रिलमध्ये रिफायनरी बंद झाली. शेठ कधीच गेले होते आणि नातवंडांना तेलात रस उरला नव्हता. शेवटच्या दिवशी बॉयलर विझवायचं काम पुंडलिककडे आलं. त्यानं ते नेहमीच्या नीटपणानं केलं, हात पुसले आणि घरी येऊन खाटेवर बसला.

एवढा मोठा बॉयलर एकदम थंड होत नाही. पहिल्या दिवशी पाणी गरम होतं, दुसऱ्या दिवशी कोमट. तिसऱ्या दिवशी नळीतून थोडं गार पाणी टिपटिपलं आणि थांबलं. त्या दिवशी सकाळी बायका ओट्यावर हंडे घेऊन उभ्या होत्या. वाफ नव्हती. इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच त्या एकमेकींना त्या जागी लख्ख दिसत होत्या, आणि सगळ्यांनाच उघड्यावर असल्यासारखं वाटून त्या लगोलग घरी निघून गेल्या.

पुंडलिकचं बोलणं त्याच आठवड्यात थांबलं. भांडण नाही, आजार नाही. "जेवलात?" "हां." "बाजारात जाते." "जा." एवढंच. सकाळ झाली की तो कुंपणाच्या फटीतून आत जायचा, थंड बॉयलरच्या अंगाला पाठ लावून बसायचा, आणि ऊन डोक्यावर आलं की परत यायचा. हंसाबेननं डॉक्टर सुचवला, कुणी देवऋषी सुचवला. पुष्पलतानं सगळ्यांना सांगितलं, "राहू द्या. तोपन निवतोय. टाइम लागंल."

पाच वर्षं लागली तरी तो निवून झाला नव्हता.

गावातली कर्ती माणसं काशीमीऱ्याच्या गॅरेजांत, हाटकेशच्या कारखान्यांत कामाला लागली. केतनचं तर हायवेला स्वतःचं गॅरेज झालं, पण तो आईबरोबर त्या गोल खिडक्यांच्या घरातच राहिला. रिफायनरीवर रानवेली चढल्या. टाक्यांच्या माथ्यावर बगळे बसू लागले. संध्याकाळी खाडीवरून वारा आला की रिकाम्या टाक्या हुंकारायच्या, आणि झोपाळू पोरांना आया सांगायच्या, की बघ, टाकीला पण झोप आली.

दोन हजार सहाच्या दिवाळीनंतर नोटीस आली. जागा विकली गेली होती. नव्या मालकाच्या वकिलानं लिहिलं होतं की या जागेवर कधी गाव नव्हतंच. कारखाना बंद पडल्यावर आजूबाजूची माणसं घुसून बसली आहेत, त्यांनी निघावं.

केतननं नोटीस सगळ्यांना वाचून दाखवली. मग प्रत्येकानं ट्रंकेतून कागद काढले. रेशनकार्डावर पत्ता घोडबंदर, मतदार यादीत घोडबंदर. कंपनीचे कामगारांचे कागद कंपनीबरोबर गेले होते. सर्व्हेच्या नकाशावर या जागी मिठागर आणि कारखाना, एवढंच लिहिलेलं. गावाला नाव नव्हतं आणि नाव नाही हे इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

"काकी, पंच्याण्णवच्या आधीची घरंच सरकार मानतं. तेव्हापासून आपण इथं आहोत याचा एक कागद पाहिजे," केतन पुष्पलताला म्हणाला. तो तिच्या हातावर जन्मला होता, म्हणून तिच्याशी आगऱ्यांसारखं बोलायचा प्रयत्न करायचा आणि मध्येच विसरायचा. "जानेवारीत सुनावणी हाय. कुणीतरी लिहून ठेवलं असेल ना आपल्याला?"

"पोरं झाली की घोडबंदरच्या पंचायतीत नोंद जायची," पुष्पलता म्हणाली. "ग्रामसेवक यायचा तवा मी सांगायची. पन ती पंचायत कुठं हाय आता?"

पंचायत केव्हाच नगरपालिकेत विरून गेली होती, पण तिच्या वह्या होत्या. त्या भाईंदरच्या एका सरकारी कचेरीत, जिन्याखालच्या खोलीत, लाल फडक्यात बांधून ठेवल्या होत्या. तिथं रुचिता नावाची कारकून होती. तिशीची, गिरगावातून मीरा रोडला राहायला आलेली. तिनं पहिल्या दिवशी पुष्पलताला सांगितलं, "मावशी, शोधतेय मी, पण हे गाठोडं पंधरा वर्षांत कुणी सोडलेलं नाहीये. तुम्ही परवा या." पुष्पलता परवा गेली. त्यानंतर रोजच जाऊ लागली. चौथ्या दिवशी रुचितानं तिच्यासाठी खुर्ची आणून ठेवली आणि डब्यातला साबुदाणा पुढे केला.

वही सापडली ती संक्रांतीच्या आदल्या दिवशी. बाहेर ऊन होतं, पण जिन्याखाली पिवळा बल्ब. पुष्पलताला अक्षर नीट लागत नसे, म्हणून रुचिता बोटानं ओळ धरून वाचत होती.

"एकोणसत्तर. मुलगा. नाव केतन. आई हंसा. जन्मस्थळ... कंपनी, घोडबंदर."

"हां. हाच पहिला."

"सत्तर. मुलगी. जन्मस्थळ कंपनी, घोडबंदर." रुचिता थोडी थांबली. "मावशी, वकील म्हणेल कंपनी म्हणजे कारखाना. गाव नाही."

"वाच पुढं."

एकाहत्तर, बाहत्तर. प्रत्येक नाव आलं की पुष्पलताला ती सकाळ किंवा दुपार दिसायची. कुणाची आई ओरडत होती, कुणाची हसत होती, कुणाला नाळ गुंडाळलेली होती. त्या कोंदट खोलीत बसून तिचं अख्खं गाव तिच्यासमोर पुन्हा एकेक करून जन्माला येत होतं. तिनं डोळे मिटले होते. वाफ तोंडावर आल्यासारखं वाटत होतं. म्हणून रुचिताचा आवाज बदलला ते तिला लगेच कळलं नाही.

"त्र्याहत्तर. मुलगी. नाव... नाव लिहिलेलं नाही." रुचिता हळू वाचत होती. "आई पुष्पलता. वडील पुंडलिक नाथा भोईर. खबर देणार, वडील. जन्मस्थळ..."

पुष्पलतानं डोळे उघडले.

"जन्मस्थळ गरमपाणी," रुचिता म्हणाली. "असं एका शब्दात लिहिलंय. मौजे गरमपाणी." तिनं पान उलटलं, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. "मावशी, याच्यापुढे सगळ्यांना तेच आहे. बघा, चौऱ्याहत्तर, गरमपाणी. पंच्याहत्तर, गरमपाणी. ग्रामसेवकानं हिच्यापासून सगळ्यांना तेच लावलंय. नव्वदपर्यंत! मिळालं ना तुमचं गाव!"

ती आनंदानं बोलत होती. मग तिनं पुष्पलताकडे पाहिलं आणि पुन्हा त्या ओळीकडे पाहिलं, आणि वडिलांचं नाव, आईचं नाव, मोकळा सोडलेला रकाना हे सगळं तिच्या ध्यानात आलं.  तिनं वही पुष्पलताच्या मांडीवर ठेवली. पुष्पलतानं त्या मोकळ्या रकान्यावर बोट ठेवलं. कागद खरखरीत होता. तिची मुलगी या जगात येऊन गेली हे कुणीतरी शाईनं लिहून ठेवलं होतं, आणि तेहेतीस वर्षं ते इथं होतं, आणि तिला माहीत नव्हतं.

दुपारची बस पकडून ती घरी आली. पुंडलिक आत बॉयलरपाशी होता. ती कुंपणाच्या फटीतून आत शिरली. इतक्या वर्षांत भिंतीच्या या बाजूला ती कधी आली नव्हती. वेलींमधून ऊन गाळून येत होतं आणि बॉयलरच्या गंजक्या पाठीवर हलत होतं. ती नवऱ्याशेजारी जमिनीवर बसली.

"तुमी पोरीची नोंद केली होती," ती म्हणाली.

 त्याचा गुडघा हलत होता तो थांबला.

"मला बोलला न्हाय कवा."

"तू तापात होतीस," पुंडलिक म्हणाला. आवाज गंजलेला होता, वाक्य लांब झाल्यामुळे त्यालाच दचकायला झालं. त्यानं घसा साफ केला. "सकाळी पोरीला पोचवली आन तसाच पंचायतीत गेलो. ग्रामसेवक विचारतो, जन्म कुठला? मी बोललो, इथलाच. तो बोलतो, इथला म्हंजे कंपनी? मला त्ये बोलवेना. कंपनीत मान्सं कामाला येतात. जल्माला न्हाय येत. पोरीला गाव तरी पायजे ना? एक दिवसाचीच व्हती ती. मंग मी बोललो, लिव, गरमपानी."

"आन नाव?"

"नाव तुला इचारल्याबिगर कसा देनार?"

टाकीवरचा बगळा उडाला. पुष्पलतानं पदर तोंडाला लावला आणि ती रडली. पुंडलिक तिच्याकडे न बघता तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिला. दोघांनी मिळून त्या दुपारी मुलीला नाव ठेवलं. काय ठेवलं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

सुनावणीला वकील तयारीनं आला होता. वहीच्या नकला त्यानं शांतपणे चाळल्या. "नोंदी खऱ्या असतील, साहेब," तो म्हणाला. "पण गरमपाणी नावाचं गाव कुठल्याच नकाशावर नाही. ते याच जागेवर होतं, हे कशावरून?"

सुनावणी घेणारे साहेब वयस्कर, चष्मा कपाळावर सरकवून बोलणारे. त्यांनी पुष्पलताकडे पाहिलं. "बाई, तुम्ही काय सांगता?"

"मी काय सांगू?" पुष्पलता म्हणाली. "त्यांनाच विचारा ना. बाहेर उभी हायेत."

दार उघडलं. व्हरांड्यात, जिन्यावर, खाली चहाच्या टपरीपर्यंत माणसं उभी होती. केतननं गेले दहा दिवस गॅरेज बंद ठेवून फोन केले होते. वहीत नाव असलेली जितकी माणसं सापडली तितकी आली होती. कुणी वापीहून, कुणी पालघरहून, एक जण नाशिकहून रात्रीच निघालेला. बायका कडेवर मुलं घेऊन आल्या होत्या. शाळेत शिकवणारी स्वप्नाली रजा टाकून आली होती.

"हे सगळे कोण?" साहेबांनी विचारलं.

"हा गाव हाय," पुष्पलता म्हणाली.

साहेबांनी थोडा विचार केला आणि एकेकाला वेगळं आत बोलावलं. प्रत्येकाला एकच प्रश्न: गरमपाणी म्हणजे काय? पहिला म्हणाला, बॉयलरच्या मागची नळी, तिला गोणपाट बांधलेलं. दुसरी म्हणाली, तीन पायऱ्या, मधली तुटकी. तिसरा म्हणाला, काळ्या दगडाचा ओटा, त्यावर माझी आई मला उभा करायची आणि मी पळायचो. स्वप्नाली म्हणाली, वाफेत मी एकदा चुकून दुसऱ्याच बाईचा पदर धरून तिच्या घरी गेले होते आणि तिनं मला जेवू घातलं. एकविसाव्या माणसानंतर साहेबांनी लिहिणं थांबवलं.

"चला," ते म्हणाले, "मी बघतो ती जागा."

रिफायनरीच्या मागे कमरेएवढं रान माजलं होतं. केतन आणि आणखी चौघांनी कोयते चालवले. आधी नळीचं तोंड दिसलं. मग पायऱ्या, मधली तुटकी. मग ओटा. त्याच्या काळ्या दगडावर ओळीनं गोल खळगे होते, बशीसारखे खोल आणि गुळगुळीत. रोज हंडे टेकून, वळवून, उचलून दगड झिजला होता.

साहेब वाकले. त्यांनी एका खळग्यात तळहात ठेवून पाहिला. तो खळग्यात अलगद बसला. वकीलही बघत होता. मग तो रुमालानं कपाळ पुसून गाडीकडे गेला.

"एवढं झिजायला तीस वर्षं तरी लागतात," साहेब कुणाकडे न बघता म्हणाले आणि त्यांनी तिथंच, उभ्या उभ्या, पंचनामा लिहून घेतला.

साहेब गेले तरी बाहेरून आलेली माणसं घरी जायला निघेनात. ती ओट्याभोवती, पायऱ्यांवर, गवतावर बसली. हंसाबेननं मोठ्या टोपात चहा टाकला. खाडीला भरती लागली होती, ऊन तिरपं झालं होतं आणि पाण्यावरून एक मऊ पांढुरका पडदा हळूहळू किनाऱ्याकडे सरकत होता. मग स्वप्नालीनं विचारलं, "मावशी, मी झाले तेव्हा काय झालं होतं?"

पुष्पलतानं सांगितलं. तिची आई कळा देता देता भांडत होती, डाळीत मीठ कुणी टाकलं म्हणून. सगळे हसले. मग दुसऱ्यानं विचारलं. मग तिसऱ्यानं. ती सांगत गेली. पस्तिशीची, तिशीची, टक्कल पडलेली, चष्मे लागलेली ती माणसं तिच्यासमोर पोरांसारखी तोंडं वर करून बसली होती आणि आपापली पाळी येण्याची वाट बघत होती. धुकं आता घरांपर्यंत आलं होतं. गोल खिडक्यांत एकेक दिवा लागत होता.

"आणि मी, काकी?" मागून बबन म्हणाला. पालघरला वेल्डिंग करायचा. भला दांडगा माणूस, लाजत विचारत होता.

पुष्पलतानं आठवून पाहिलं. काहीच येईना. ती एवढी थकली होती की सगळे चेहरे एकमेकांत मिसळत होते. बबनचा चेहरा उतरायला लागला.

"तुझ्या टायमाला मी पाळीवर व्हतो," ओट्याच्या टोकावरून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. पुंडलिक उठून उभा राहिला होता.

"अठ्ठ्याहत्तर. श्रावनातला सोमवार. पंपात कचरा अडाकला, आन वाफेचा प्रेशर खाली यायला लागला. ही भिंतीपल्याडून बोंबलतेय, पानी गार झाला, पोर यायला लागलाय, काय करता? आता बॉयलरचा कसा असतो, बबन, तुला सांगतो..." त्यानं हातांनी हवेत बॉयलर काढला. पंप कुठं, झडप कुठं, काटा किती खाली आला होता, आपण कसे पळालो, फिटरनं पान्ह्यानं कसा पाइप सोडवला. बबन पुढे सरकून बसला. पुंडलिक सांगत राहिला. मध्ये श्वास घ्यायलाही थांबत नव्हता. पाच वर्षांचं साचलेलं सगळं एका धारेनं बाहेर येत होतं, आणि हंसाबेन चहाची बशी हातात धरून तशीच उभी होती.

मार्चमध्ये निकाल आला. चव्वेचाळीस घरं मान्य झाली. नऊ घरांचे कागद अपुरे पडले. त्यांच्यासाठी केतन पुढे दोन वर्षं खेपा घालत होता, त्यातली सहा बसली, तीन नाही बसली. त्या तीन घरांतली माणसं काशीमीऱ्याला भाड्यानं गेली. रिफायनरी गॅसकटरनं कापून नेली. कापणारे आले तेव्हा पुंडलिक दिवसभर त्यांच्यासोबत होता, कुठला भाग आधी काढायचा ते दाखवत. दोन हजार नऊमध्ये नव्या मालकानं मान्य घरांसाठी रस्त्याच्या वरच्या अंगाला पाच मजली इमारत बांधून दिली आणि गाव तिच्यात राहायला गेलं. पहिले काही महिने बायका आपापल्या घरातून एकमेकींशी फार जोरात बोलायच्या. पत्र्याची सवय, सिमेंटच्या भिंतीपलीकडे ऐकू जातं की नाही याची खात्री नव्हती.

भोईरांना तिसरा मजला मिळाला, हंसाबेनला त्यांच्या समोरचा. पुंडलिक लिफ्टच्या मोटरवाल्याशी बोलतो, पंपवाल्याशी बोलतो, गॅस सिलिंडर घेऊन येणाऱ्या माणसाला जिन्यात अडवून धरतो. दुपारी जरा डोळा लागावा म्हटलं तरी त्याचा आवाज दोन्ही घरांत घुमतो. मग हंसाबेन दार उघडून ओरडते, "पुष्पाबेन, जरा याला खाली पाठव ने!" आणि पुष्पलता कूस बदलून, डोळे न उघडताच म्हणते, "बोलू दे गं."